पाण्याची गोळी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ जानेवारी २०२४

चि. क्रांती हिला झुंबरबाईचा आशीर्वाद.

नावाच्या आधी सौ. लिव्हावं का न्हाय, ह्यात दोन कागद वाया गेलं. शेवटी नुसतं नाव लिव्हलं. राग मानू नको.

सहा वर्षांनी म्हातारीला आता बरी आठवण झाली, आसं म्हणशील. म्हण. तुझा चुलतभाऊ मंडईत भेटलता, त्येच्याकडनं तुझा पत्ता घेतला. म्हणाला, क्रांती इचलकरंजीला दवाखान्यात नर्स हाय, एकटीच खोली घेऊन राहती. फोन नंबर पण देत होता, पण घरात फोन दोनच, एक उदयसिंहाचा आन एक त्येच्या बायकोचा, पूर्णिमाचा. तुझं नाव निघालं की उदयसिंह जेवणावरनं उठतोय. म्हणून उत्तर घालणार असशील तर खालच्या तानाबाईच्या नावानं घाल. हे पत्र पण तीच पेटीत टाकणार हाय.

आता काम सांगते. माझं पाय सुजल्यात. आदी नुसतं संध्याकाळी घोट्याजवळ फुगायचं, सकाळी उतरायचं. मी म्हटलं वय झालं. आता सकाळी पण उतरत न्हाय. चप्पल चढंना झाली, उदयसिंहाची जुनी स्लीपर घालून फिरते. दिवाळीत धाप लागली तवा त्यानं मोठ्या दवाखान्यात नेलं. चार दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाला, हृदयाचं पंपिंग तीस टक्के हाय. तीस म्हंजे किती गं? शंभरातलं तीस म्हंजे नापासच की. सोडताना कागद दिला, त्यो सगळा इंग्रजीत. घरात विचारलं तर म्हणत्यात, गोळ्या घ्या आन पडून ऱ्हावा.

हृदय कुठं आन पाय कुठं! छातीचं दुखणं पायात कसं उतरतंय, येवढं मला सांग. तुझ्या मामंजींची साखर तू सांभाळलीस, तवा त्यास्नी सांगायचीस ते मला चुलीपाशी बसून ऐकू यायचं आन सगळं समजायचं. डॉक्टरचं मला समजत न्हाय.

उत्तर न्हाय दिलंस तरी वाईट मानणार न्हाय.

झुंबरबाई


इचलकरंजी
१४ जानेवारी २०२४

श्रीमती झुंबरबाई यांना नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तर देते आहे ते नर्स म्हणून, एवढं लक्षात घ्या.

हृदयाचं काम रक्त पुढं ढकलायचं. ते थकलं की रक्त मागं तुंबतं. किडनीपर्यंत रक्त कमी पोचतं, मग किडनीला वाटतं अंगात पाणीच कमी पडलंय, आणि ती मीठ नि पाणी धरून ठेवायला लागते. ते जादा पाणी शिरांमधून बाहेर झिरपतं आणि खाली उतरतं. माणूस दिवसभर उभा नाहीतर बसलेला, म्हणून ते पायात साठतं. हेच पाणी फुप्फुसात साठलं की धाप लागते. आमच्याकडं मागावर बारा बारा तास उभे राहणारे कामगार सुजलेले पाय घेऊन येतात. त्यांची सूज रात्री पाय वर करून झोपलं की बहुतेक उतरते. तुमची तशी नाही.

तीस टक्क्यांचं म्हणाल तर धडधाकट माणसाचंही शंभर नसतं, साठच्या आसपास असतं. नापास नाही झालात. पण काठावर आहात.

नडगीच्या हाडावर अंगठा दाबून दहा आकडे मोजा आणि सोडा. खड्डा पडतो का, किती वेळ राहतो, ते कळवा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा. एका दिवसात चरबी वाढत नाही, वाढतं ते पाणी. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, किंवा आडवं पडता येईना झालं, तर मला पत्र लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मीठ कमी. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, सांडगी मिरची बंद. पाणी, चहा, ताक सगळं धरून दिवसाला दीड लिटर, म्हणजे तुमच्या पितळी तांब्यानं दीड तांब्या. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. तुमच्या गोळ्यांत एक लघवी जास्त करणारी असणार, लोक तिला पाण्याची गोळी म्हणतात. ती सकाळी घ्यायची आणि कधीही चुकवायची नाही. बाकी सगळं एकीकडं आणि ही गोळी एकीकडं.

क्रांती


मंगळवार पेठ
२५ जानेवारी २०२४

चि. क्रांतीस आशीर्वाद.

श्रीमती वाचून तानाबाईला हसू आलं. मला न्हाय आलं. पण पत्र आलं ह्येच लई झालं.

अंगठा दाबला. खड्डा पडला, त्यात हरभरा बसला आसता. पन्नासपर्यंत आकडे मोजलं तरी भरंना. मग मोजायचं सोडलं.

पूर्णिमानं वजनकाटा आणलाय. ती रोज सकाळी मला त्याच्यावर उभी करती. त्रेसष्ट होतं, मग साडेबासष्ट झालं, आता बासष्ट हाय. तू सांगितलंस तसं सगळं चाललंय. तांब्या उशाला भरून ठेवती, त्येच्या बाहेर पाणी पीत न्हाय. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून टाकते. गोळी रोज सकाळी घेते.

मिठाचं काय सांगू. खाणारी तोंडं चार हायत. एका म्हातारीसाठी घरादारानं किती अळणी खायचं? रविवारी तांबडा रस्सा असतोय, त्येचा वास आला की जीव ऱ्हात न्हाय. थोडा घेते.

नात चार वर्षांची झाली. अनुजा नाव ठेवलंय. माझ्या पायाला बोट लावून खड्डा पाडती आन टाळ्या वाजवती. तिला खेळ झालाय.

झोप तेवढी लागत न्हाय. आदी एक उशी घ्यायची, आता तीन लागत्यात. बसल्या बसल्या डुलकी येती तेवढीच. गुडघं दुखत्यात त्येला मेडिकलवाल्याकडनं गोळी आणती तानाबाई. ती घेतली की बरं वाटतंय.

तू जेवतीस का वेळेवर? एकटीसाठी करायचा कंटाळा येत असंल.

झुंबरबाई


इचलकरंजी
२ फेब्रुवारी २०२४

आत्ती,

नमस्कार. सासरच्या सवयीनं हात आपोआप आत्ती लिहून गेला. आता खोडत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वजन उतरतंय लिहिता आणि उशा एकाच्या तीन झाल्या लिहिता. असं होत नाही. वजन उतरलं म्हणजे पाणी उतरलं, मग आडवं पडता यायला पाहिजे. एकतर काटा चुकतोय, नाहीतर काहीतरी मला सांगायचं राहतंय.

गुडघ्याची गोळी आजपासून बंद. खरंच बंद. त्या दुखण्याच्या गोळ्या किडनीला पाणी धरून ठेवायला लावतात. एकीकडून पाण्याची गोळी पाणी काढणार आणि दुसरीकडून ही भरणार. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावा आणि डॉक्टरांना सांगून दुसरं काही घ्या. तानाबाईंना म्हणावं, मेडिकलमधून आपल्या मनानं काही आणायचं नाही.

आणि मिठाचं. घरादारानं अळणी खायला कुणी सांगितलं? तुमच्या वाटणीचं आधी बाजूला काढायचं आणि मग बाकीच्यांच्यात मीठ घालायचं, एवढंच आहे. मामंजींचं मी नऊ वर्षं वेगळं केलं, घरातली बाकी सगळी कामं करून. ज्या सुनेसाठी तुम्ही मला घालवलंत तिला एवढं जमत नसेल, तर मला नवल वाटतं. स्पष्ट लिहिल्याबद्दल माफ करा. पण तुमच्या पायातलं पाणी त्या घरच्या मिठातनं येतंय, असं मला दिसतंय.

जेवते मी वेळेवर.

क्रांती


मंगळवार पेठ
११ फेब्रुवारी २०२४

चि. क्रांती,

आत्ती वाचलं आन पत्र तसंच घडी घालून पोलक्यात ठेवलं. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

गुडघ्याची गोळी सोडली. लंगडत चालते, पण सोडली.

पूर्णिमाला बोल लावू नको. ती बोलती कमी, शिलाई मशीनवर मान घालून बसती, पण वाईट न्हाय. तिचं जाऊ दे.

ज्येचं त्येला माहीत असतंय, पण तू लिव्हलंस म्हणून मी पण लिव्हते. त्या दिवशी पावणं बसल्यालं, तुझा भाऊ बसल्याला, आन मी म्हटलं, पोर न्हाय तर हिला ठेवून काय करायचं. उदयसिंहाच्या तोंडात ते नव्हतं. मी त्येच्या तोंडात घातलं. तू आत भाकरी थापत होतीस. थापायचं थांबलीस, ते मला हिकडं ऐकू आलं. तरी मी थांबली न्हाय. तुझी बॅग भरून झाली तवा तू माझ्या पाया पडायला आलीस आन मी पाय आत घेतलं. तेच पाय हे.

काही सांगायचं राहतंय म्हणालीस. राहतंय. पण ते कागदावर लिव्हण्यासारखं न्हाय गं. समोर असतीस तर सांगितलं आसतं, बायकांनी बायकांना सांगायचं आसतंय.

एकदा येऊन जा. उदयसिंह सकाळी सातला कारखान्याला जातोय, संध्याकाळपर्यंत येत न्हाय. तुझ्या हातानं पाय बघ. चहा घे आन जा. मी काय धरून ठेवत न्हाय.

झुंबरबाई


इचलकरंजी
१९ फेब्रुवारी २०२४

आत्ती,

मी येणार नाही.

तुम्ही जे लिहिलंत ते मला सहा वर्षांत कुणीही म्हटलं नव्हतं. वाचून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. मी त्या दिवशी तवा चुलीवर तसाच ठेवून निघाले. पुढचं वर्षभर कुणाच्या घरी भाकरीचा आवाज आला तरी मी उठून बाहेर जायची. आता नाही होत तसं. पण तो जिना चढायची ताकद माझ्यात नाही. उदयसिंह घरात असोत नाहीतर नसोत.

पण तुम्हाला बघायचं नाही असं नाही. आमच्याकडं दर गुरुवारी हृदयाचे डॉक्टर येतात. चांगले आहेत, म्हाताऱ्या माणसांवर खेकसत नाहीत. २९ तारखेला गुरुवार आहे. तुमचा नंबर मी लावून ठेवते. तानाबाईंना बरोबर घ्या. कोल्हापूर स्टँडवरून साडेनऊची गाडी धरा, तासाभरात इकडं पोचाल. मी स्टँडवर उभी असेन. रिक्षानं दवाखान्यात नेईन, तपासून झाल्यावर माझ्या खोलीवर जेवा, संध्याकाळच्या गाडीत बसवून देईन. जे कागदावर लिहिता येत नाही ते तिथं सांगा.

तोपर्यंत धाप वाढली तर गुरुवारची वाट बघायची नाही, कोल्हापुरातच ॲडमिट व्हायचं. आणि गोळी चुकवायची नाही.

क्रांती


मंगळवार पेठ
२३ फेब्रुवारी २०२४

चि. क्रांती,

येते. येते गं. तानाबाईला पण सांगितलं, ती तयार हाय. घरात सांगितलंय की तानाबाईच्या भाचीला बघायला जातो. उदयसिंह म्हणाला, ह्या पायांनी कुठं फिरतीस. मी म्हटलं, पाय हायत तवर फिरते.

अळूवड्या करून आणणार हाय. मीठ न्हाय त्यात, तू काळजी करू नको. तुझ्यासाठी वेगळ्या करते, मीठ घालून.

बसचा तासभर काही त्रास व्हणार न्हाय. त्येचं मी बघितलंय.

सहा वर्षांत बारीक झालीस का जाड झालीस? स्टँडवर वळखू यायला पाहिजेस.

झुंबरबाई


इचलकरंजी
२ मार्च २०२४

आत्ती,

गुरुवारी सकाळी दहापासून मी स्टँडवर होते. कोल्हापूरच्या सात गाड्या आल्या. एक वाजता डॉक्टरांनी तुमचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं, असं दवाखान्यातल्या मुलीनं फोन करून सांगितलं. मग मी परत आले. दवाखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या सासूबाई येणार आहेत. सासूबाई म्हणाले मी.

तानाबाईंच्या घरी फोन असता तर केला असता. उदयसिंहांचा नंबर माझ्याकडं आहे, पण तो मी लावणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

ऐन वेळी तुम्हाला धीर झाला नसेल. उदयसिंहांना कळलं तर काय म्हणतील, लोक काय म्हणतील, हे आधी आलं असेल. तेव्हाही तेच आधी आलं होतं. मी कशाला आशा धरली, कळत नाही.

यापुढं कोल्हापुरातल्याच डॉक्टरांना दाखवा. मला लिहू नका.

क्रांती


मंगळवार पेठ
२० मार्च २०२४

क्रांतीताई,

मी पूर्णिमा. आपली ओळख नाही. आत्ती ५ मार्चला गेल्या. रविवारी तेरावा झाला. तुमचं शेवटचं पत्र त्या गेल्या त्याच दिवशी तानाबाईंच्याकडं आलं. तानाबाईंनी ते आणि तुमची आधीची सगळी पत्रं माझ्या हातात दिली. मी वाचली. विचारून वाचायला पाहिजे होती, पण कुणाला विचारणार?

आत्तींना धीर झाला नाही असं तुम्ही लिहिलंय. तसं नाही झालं ताई. त्या निघाल्या होत्या. गुरुवारी सकाळी नवं लुगडं नेसून, डबा घेऊन, तानाबाईंबरोबर रिक्षानं स्टँडवर गेल्या. इचलकरंजीची गाडी लागलेली होती. तानाबाई सांगतात, आत्तींनी एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा उचलेना. दांडा धरून तशाच उभ्या राहिल्या. मागचे लोक ओरडायला लागले, मावशी चढा की. मग खाली बसल्या. ओठ निळे पडलेले, तोंडातनं फेस. कंडक्टरनं उचलून रिक्षात घातलं. मला तानाबाईंनी दुसऱ्या कुणाच्यातरी फोनवरनं कळवलं.

दवाखान्यात वजन केलं ते एकोणसत्तर किलो. डॉक्टर आमच्यावर चिडले. पाण्याची गोळी देत होता का नाही, म्हणाले. ह्यांनी सांगितलं, रोज देतो. मला पण तसंच वाटत होतं. मीच रोज सकाळी हातावर ठेवायची.

आत्ती गेल्यावर त्यांची गादी उचलली. उशीच्या खोळीत गोळ्या सापडल्या. सगळ्या पाण्याच्या. बाकीच्या सगळ्या त्यांनी गिळल्या होत्या, ही तेवढी नाही.

मग तानाबाईंनी सांगितलं. जानेवारीत एका सकाळी आत्ती गोळी घेऊन बसल्या होत्या, एकदम घाई लागली. आमचा संडास खाली परसात, तुम्हाला माहीत आहे. अकरा पायऱ्या. धाप लागलेल्या माणसाला त्या उतरेपर्यंत कुठं दम निघतोय! जिन्यातच झालं. खालचा भाडेकरू दारात दात घासत उभा होता. त्यानं तोंड फिरवलं, पण बघितलं होतं. मी बादलीभर पाणी आणून जिना धुतला, लुगडं धुतलं. मी काही बोलले नाही. मला वाटलं न बोललेलं बरं, त्यांना लाज वाटायला नको. आता वाटतंय, बोलायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं, आत्ती त्यात काय, माझ्या पोरीचं धुते की रोज. त्या दिवसापासनं त्यांनी गोळी गिळायची सोडली. कधी फार धाप लागली तर एखादी घ्यायच्या आणि दिवसभर खाली तानाबाईंच्याकडं संडासाजवळ बसून राहायच्या. मी झाकणाचं भांडं आणलं होतं वर ठेवायला. केवढ्या चिडल्या! म्हणाल्या, मला अंथरुणाला खिळलेली समजू नको. वर संडास बांधायचं मी ह्यांना दोनदा म्हणाले. पाडव्यानंतर बघू म्हणाले.

बसच्या आधी चार दिवस एकही गोळी घेतली नव्हती. तासभर गाडीत बसायचं, लागली तर काय करू, क्रांतीच्या गावात भिजलेल्या लुगड्यानं उतरू का, असं तानाबाईंना म्हणाल्या होत्या.

वजनं तुम्हाला लिहिली ती खोटी होती. मी कॅलेंडरवर लिहायची. जानेवारीअखेर चौसष्ट, मग सहासष्ट. मी म्हटलं आत्ती वाढतंय, डॉक्टरकडं जाऊ. म्हणाल्या, काटा बिघडलाय. मग मी स्वतः उभी राहून बघितलं. काटा बरोबर होता. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तारीख पुढच्या महिन्यात आहे की.

आणि मिठाचं. ताई, मी दोन भांडी चढवत होते. पहिल्या दिवसापासनं. दवाखान्यातला कागद मी शेजारच्या कॉलेजच्या पोरीकडनं वाचून घेतला होता. रविवारचा रस्सापण त्यांचा वेगळा असायचा. त्यांनी तुम्हाला तसं का लिहिलं नाही, मला कळत नाही. कदाचित दुसरीनं पण नीट केलं असं तुम्हाला सांगायला जड गेलं असेल.

आता एकच सांगायचं राहिलं. त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

शेवटचे दोन दिवस त्यांना माणूस ओळखू येत नव्हतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी हात धरून बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाल्या, क्रांती, आलीस? मी मागं वळून बघितलं, वाटलं तुम्ही खरंच आलात. मागं कुणी नव्हतं. परत म्हणाल्या, आलीस व्हय गं? मी म्हटलं, व्हय आत्ती, आले. मग म्हणाल्या, मला माफ केलंस का? त्या मास्क ओढून काढायला लागल्या, केलंस का, केलंस का. नर्स धावत आली. मी म्हटलं, व्हय, केलं. तेव्हा हात खाली गेला. त्यानंतर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

ते म्हणायचा हक्क माझा नव्हता. मला तुमची जागा मिळाली ती तशीच, न विचारता, आणि हे पण तसंच झालं. चुकलं असेल तर सांगा.

पूर्णिमा


इचलकरंजी
२८ मार्च २०२४

पूर्णिमा,

तुमचं पत्र मिळाल्यावर दोन दिवस कामावर गेले नाही.

मिठाबद्दल मी जे लिहिलं त्याची तुमच्याकडं माफी मागते. तुम्हाला न बघता, न विचारता लिहिलं. मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

मी त्या घरात नऊ वर्षं राहिले. त्या अकरा पायऱ्यांवरून दिवसातून दहा दहा वेळा चढले-उतरले. ताप असताना भिंत धरून उतरले. आणि कोल्हापूरला पाठवलेल्या पत्रांत मी लिहीत राहिले, गोळी चुकवू नका. ती घेतल्यावर माणसाला तासातासाला कुठं जावं लागतं, हे मला धंद्यानं माहीत. ते ठिकाण कुठं आहे, हे संसारानं माहीत. दोन्ही माहीत असून एकत्र कधी आलं नाही. त्या म्हणत होत्या, कागदावर लिहिण्यासारखं नाही, तू ये. मी गाडीची वेळ कळवली. गोळी बसच्या दिवशी पोचल्यावर घेतली असती तरी चाललं असतं, एवढं एक वाक्य मी लिहायला पाहिजे होतं. रोज कुणा ना कुणाला सांगते ते.

आता इथं सुजलेल्या पायांची कुणी बाई आली की मी आधी विचारते, संडास कुठं आहे. बायका चमकून बघतात. मग सांगतात. आत्तींना आता त्याचा काय उपयोग?

तुम्ही विचारलंत, चुकलं का. मी खरं लिहिते. तिथं तुमच्या जागी मी असते आणि त्यांनी मला विचारलं असतं, तर माझ्या तोंडून व्हय निघालं असतं का, हे मला माहीत नाही. पुष्कळ विचार करून बघितला. बहुतेक नसतं निघालं. मी म्हणाले असते, आत्ती आता बोलू नका, दम लागेल. नर्स म्हणून बोलले असते. त्यांना मी गुरुवारी तपासायला बोलावलं होतं, जेवायला बोलावलं होतं. माफ करायला बोलावलं नव्हतं.

माझ्या नावानं तुम्ही जे बोललात ते तसंच राहू दे. त्या ते ऐकून गेल्या. मला आता ते खोटं म्हणता येत नाही, आणि खरं करायलाही कुणी उरलं नाही.

क्रांती